आमच्या बाग-मैदानाचं नूतनीकरण होतंय, सूचना मागवल्यात. नेमकं काय मागावं?

सोनमोहर (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र. आज गरज पडली म्हणून लिहितेय.

आमच्या इमारतीसमोर (पूर्व उपनगर, म्हाडाची जुनी वसाहत) साधारण दीड एकराचा भूखंड आहे. अर्ध्यात बाग, अर्ध्यात मैदान. मधलं कुंपण कधीच भंगारात गेलंय. आता नूतनीकरणाचं निघालंय आणि वॉर्ड ऑफिसातून आलेला आराखडा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतोय. चारही बाजूंनी पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, मधोमध संगीत कारंजं, ओपन जिम, रबरी फरशीवर घसरगुंड्या, सेल्फीसाठी आमच्या नगराच्या नावाची मोठी अक्षरं आणि बाहेरून आठ फुटी भिंत, तिच्यावर चित्रं. एवढं सगळं मावल्यावर मैदान उरतं पोळपाटाएवढं.

सूचना द्यायला पंधरा दिवस आहेत. घरातच तीन पक्ष झालेत. सासऱ्यांना ट्रॅक हवा, मुलाला (वय १२) खेळपट्टी हवी, मला स्वच्छ संडास आणि संध्याकाळचा उजेड. कुणी असं काम जवळून पाहिलंय का? काय मागावं, काय मागू नये?

विटीदांडू | सोमवार, रात्री ९:५२

कारंजं! पहिल्या पावसाळ्यापर्यंत गाणार, पुढे डासांचा पाळणा होणार. आमच्याकडच्या कारंज्यात हल्ली पालापाचोळा आणि एक चप्पल असते. चप्पल तीन वर्षं तीच आहे.

(जागा धरून बसतोय. पॉपकॉर्न आणलेत.)

कट्टेकरी | सोमवार, रात्री १०:३०

मी शिवाजी पार्कवर वाढलो, त्यामुळे माझं मत एकांगी आहे हे आधीच कबूल करतो.

२८ एकर मैदान. १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा नाव होतं माहीम पार्क, १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहामुळे शिवाजी पार्क झालं. आज ते चालतं कशावर? माझ्या मते कट्ट्यावर. सगळ्या बाजूंनी किलोमीटरभराहून लांब, बसता येईल एवढ्या उंचीचा दगडी काठ. तोच कुंपण, तोच बाक, तोच प्रेक्षागृह. आठ फुटी भिंत असती तर संध्याकाळी तिथे बाई एकटी बसली असती का? आतला माणूस रस्त्याला दिसतो आणि रस्ता आतल्याला, म्हणून सगळं नीट चालतं. सोनमोहरताई, बाकी काही मिळो न मिळो, ती भिंत पहिली कापायला लावा.

दुसरं, धूळ. लाल मातीवरून आमच्याकडे किती वर्षं रणकंदन चाललंय ते पेपरात येतंच. नोव्हेंबर ते मे खिडक्या बंद. मैदानाची माती कुठली, तिच्यावर पाणी कोण मारणार, आणि ते पाणी येणार कुठून, हे आराखड्यातच लिहून घ्या. नंतर विचारलंत की टँकरकडे बोट दाखवतात.

सोनमोहर | सोमवार, रात्री १०:४४

कट्टेकरी, भिंतीचं अगदी पटलं. पण तुमचे २८ एकर आणि आमचा दीड! तुमच्याकडे एकाच वेळी दहा मॅच चालतात. आमच्याकडे एक चालली की आजोबा लोक डोक्यावर हात धरून फिरतात.

हिरवळकर | मंगळवार, सकाळी ६:१५

सोनमोहर, सूचना पाठवण्याआधी आठवडाभर थांबा आणि मोजा. उद्यानं, तलावांचे काठ, टेकडीवरच्या वाटा आखण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

'या जागेत किती माणसं मावतील?' असं आपण विचारतो. हा हिशेब मुळात कुरणावरचा. किती गुरं चरली तर पुढच्या साली गवत उगवेल, तसं किती पर्यटक आले तर जंगल टिकेल. वहनक्षमता म्हणतात ती हीच. अमेरिकेत ॲलन वॅगर नावाच्या वनतज्ज्ञानं १९६४ मध्येच दाखवून दिलं की करमणुकीच्या जागेला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. माणसाला किती गर्दी चालते हे तो तिथे कशासाठी आलाय त्यावर ठरतं. एकांतासाठी आलेल्याला दहा जण जास्त, क्रिकेट खेळणाऱ्याला दहा कमी. पुढे १९८५ मध्ये तिथल्या वनखात्याच्या संशोधकांनी प्रश्नच फिरवला. माणसं येणार म्हणजे जागा बदलणार. मग कुठला बदल, कुठवर चालवून घ्यायचा ते आधी ठरवा, त्याच्या खुणा ठरवा, त्या दरवर्षी मोजा आणि रेषा ओलांडली गेली की काय करायचं तेही आधीच लिहून ठेवा.

तुमच्या दीड एकराला हे कसं लावायचं? खुणा घरगुती असू द्या. झाडांची मुळं किती उघडी पडलीत. मोठी सर आली की मैदानात पाणी किती तास राहतं. कोणत्या वेळी बाकावर जागा नसते. दिवेलागणीनंतर बायका आत दिसतात का. एवढ्या चार गोष्टी तारीख-वारासह वहीत असल्या तर समोरच्या इंजिनियरला तुमचं 'मत' खोडता येत नाही.

अजून एक. त्याच मंडळींपैकी डेव्हिड कोल यांनी पायवाटा आणि मुक्कामाच्या जागा वर्षानुवर्षं मोजल्या. त्यांना दिसलं ते असं: अनाघ्रात गवतावर पहिली थोडी पावलंच सगळ्यात जास्त नासधूस करतात. एकदा वाट पडली की तिच्यावरून दुप्पट माणसं गेली तरी नुकसान दुप्पट होत नाही. म्हणून नाजूक जागी लोकांना सगळीकडे थोडं थोडं पसरू देणं महागात पडतं, एकाच पक्क्या वाटेवर आणणं स्वस्त. तुमच्या बागेत लोकांनी तुडवून पाडलेली चोरवाट नक्की असणार, बहुधा बसस्टॉपकडे तिरकी जाणारी. ती बंद करायला कंत्राटदार मेंदी लावेल, लोक मेंदी तुडवतील. त्यापेक्षा तीच वाट पक्की करून मागा.

गिरणगावची_लेक | मंगळवार, सकाळी ८:०५

हिरवळकरकाका, लिहिलंय छान, पण अमेरिकेतल्या जंगलाचं माप आमच्या चाळीला? तिकडे माणूस एकांत शोधायला जातो. मुंबईत मोकळी जागा माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास, हा आकडा विकास आराखड्याच्या वादात किती वेळा आला असेल. केंद्राची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ सांगतात. म्हणजे सतरंजीवर जागा एकाची नि बसायचंय आठ-दहा जणांना. तिथे 'चालवून घेण्याजोगा बदल' वगैरे ठीक, पण आधी सतरंजी मोठी करा की.

बघा ना, महालक्ष्मी रेसकोर्सचे १२० एकर आणि कोस्टल रोडलगतचे १७५ एकर मिळून एवढं मोठं उद्यान करायचं ठरतंय. चांगलंच आहे. पण लालबागच्या पोराला रोज संध्याकाळी तिथे कोण नेणार? त्याला जिना उतरल्यावर मैदान हवं.

हिरवळकर | मंगळवार, सकाळी ८:४०

लेकी, सतरंजी लहान आहे म्हणूनच वेळेचा हिशेब लागतो. एकच जागा सकाळी सहाला एकाची, दुपारी दुसऱ्याची, साडेपाचला तिसऱ्याची. नकाशात हे दिसत नाही. आराखडा काढणारा बहुतेकदा सकाळी अकराला येतो. त्या वेळी बागेत कोण असतं? माळी आणि कुत्रा. मग त्याला वाटतं जागा मोकळीच आहे, बसवा कारंजं.

विटीदांडू | मंगळवार, सकाळी ८:४६

माळी?? कुत्र्यापुरतं सहमत.

निसर्गवेडी | मंगळवार, दुपारी १२:२०

गर्दी आवरायची तर वेळ वाटून द्या, याचं ताजं उदाहरण मलबार हिलवर आहे. कमला नेहरू पार्कजवळची ती लाकडी उंच वाट. मार्च २०२५ मध्ये सुरू झाली, ४८५ मीटर लांब, तिकीट २५ रुपये, ऑनलाइन वेळ घेऊन जायचं. झाडांच्या शेंड्यांमधून चालता येतं आणि खाली माती तुडवली जात नाही. मी सकाळी सातची वेळ घेऊन गेले होते, पक्षी ऐकू आले. एवढ्याशा वाटेवर रांग लावून लोक सोडले असते तर फक्त माणसं ऐकू आली असती.

गिरणगावची_लेक | मंगळवार, दुपारी १२:५५

एकदा बघायच्या जागेला तिकीट ठीक. रोजच्या मैदानाला लावलंत तर पोरं रस्त्यावरच खेळतील. आणि ऑनलाइन वेळ घेऊन विटी-दांडू? (आयडीवरून नाही म्हणत.)

दुपारपाळी | मंगळवार, दुपारी ३:३५

मी पार्सल पोचवायचं काम करतो. दुपारी ऑर्डरी कमी असतात तेव्हा तासभर कुठे बसायचं, हा रोजचा प्रश्न. जवळपासच्या सगळ्या बागांना त्याच वेळी कुलूप. आत सावली, आम्ही बाहेर फुटपाथवर गाडीवर. घरकाम करणाऱ्या मावशीही दोन घरांच्या मधल्या वेळेत गेटपाशीच डबा खातात. विचारलं तर सांगतात, उघडं ठेवलं तर लोक झोपतात.

झोपले तर काय बिघडलं?

तुमच्या त्या यादीत ट्रॅक आहे, जिम आहे. दुपारचं काहीच नाही. एवढंच सांगायचं होतं.

सोनमोहर | मंगळवार, रात्री ९:१०

दुपारपाळी, खरं सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी अकरा वर्षं त्या गेटसमोर राहते.

हिरवळकर, उद्यापासून वही घेऊन बसते. सासऱ्यांना सकाळची पाळी दिलीय. निवृत्त टपाल कर्मचारी आहेत, हिशेबात चुकायचे नाहीत.

रोपवाटिका | बुधवार, सकाळी १०:००

पेव्हर ब्लॉकबद्दल कुणीच कसं बोललं नाही? माझं रोपांचं दुकान आहे, बागेची लहानसहान कामंही घेते.

झाडाच्या बुंध्याला भिडवून ब्लॉक बसवतात, खाली सिमेंटचा थर, कडेला पक्की पट्टी. मुळांना हवा नाही, पाणी नाही. चार-पाच वर्षांनी जूनच्या वाऱ्यात झाड आडवं होतं आणि आपण म्हणतो झाड जुनं होतं. बुंध्याभोवती निदान मीटरभर मोकळं आळं ठेवायला लावा. ट्रॅक हवाच असेल तर दाबलेल्या मुरमाचा, कडेनं चर काढून. सासऱ्यांच्या गुडघ्यांनाही ते बरं. पावसाळ्यात चिखल होईल अशी ओरड होते, पण चिखल होतो तो उतार न दिल्यानं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो कुठेतरी मुरायला नको का?

मैदान पाणीही सांभाळू शकतं, हे आपल्याच शहरात दिसतं. हिंदमाता तुंबायचं म्हणून परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादरचं प्रमोद महाजन उद्यान यांच्या पोटात टाक्या केल्या. भरतीच्या वेळी पाऊस झाला की पाणी तिथे साठवायचं, ओहोटीला सोडायचं. दीड एकरात तसलं काही मागू नका, खर्च ऐकून फाइल बंद होईल. शोषखड्डे मागा. कारंज्याच्या पैशात भरपूर होतील.

झाडं लावणार असतील तर गुलमोहर सोडून काहीही सांगा. दिसायला देखणा, फांदी कधी पडेल नेम नाही. ताम्हण, बहावा, करंज लावा. बाकांवर सावली पश्चिमेकडून यायला हवी, दुपारी तीनला ऊन तिकडून असतं. आणि ती रबरी फरशी एप्रिलात दुपारी हात लावून बघा. पोळते. तिथे झाड आधी, घसरगुंडी नंतर.

कट्टेकरी | बुधवार, सकाळी ११:१५

रोपवाटिका, टाळ्या. अवांतर: पवईला तलावाकाठी सायकल ट्रॅक करायला घेतला होता, २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवून काढून टाकायला लावला. लोकांना व्यायामाची जागा देण्यात वाईट काय, असं तेव्हा बऱ्याच मित्रांचं मत होतं. पण काठच बुजवून जागा केली तर लोक बघायला काय येणार?

नाना_मुलुंडकर | बुधवार, रात्री ८:३०

सगळं वाचलं. मुद्द्याचं कुणी बोलत नाही. बांधणार कंत्राटदार, जाणार निघून. सांभाळणार कोण? मी म्हणतो सोसायट्यांनी मिळून दत्तक घ्यावं. ओव्हल मैदान बघा, नव्वदच्या दशकात काय अवस्था होती. रहिवाशांच्या संघटनेनं देखभाल हातात घेतली, आज हिरवंगार आहे.

गिरणगावची_लेक | बुधवार, रात्री ८:५१

नाना, ओव्हलच्या कडेला कोण राहतं आणि आमच्या मैदानाच्या कडेला कोण, हेही बघा. दत्तक दिलेल्या जागांवर क्लब उभे राहिले, सभासद नसलेल्याला गेटावर अडवलं, हेही याच शहरात घडलंय. २०१६ मध्ये त्या धोरणावर एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घ्यायला सांगितलं. किल्ली एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेली की 'बाहेरची पोरं' हा शब्द आठवड्याभरात ऐकू येतो. मी ऐकलाय. मीच ती बाहेरची पोर होते.

नाना_मुलुंडकर | बुधवार, रात्री ९:०५

बरं, दत्तक नको. पण मग काय? तक्रार केली की माळी येतो, फोटो काढतो, जातो.

हिरवळकर | गुरुवार, सकाळी ६:३०

दोघांचंही खरं आहे. मधला मार्ग रुक्ष आहे, पण चालतो. किल्ली आणि पैसा सरकारकडे, डोळे रहिवाशांकडे. निविदेत हमीचा काळ किती, त्यात झाडं मेली तर पुन्हा लावायची का, झोपाळ्याची साखळी किती दिवसांनी तपासायची, संडास दिवसातून किती वेळा धुवायचा, हे पान मागून घ्या आणि गेटवर लावायला सांगा. नुसत्या 'उद्घाटक' पाटीपेक्षा तो कागद उपयोगी. संडासाला पाण्याची जोडणी आणि माणूस नसेल तर बांधूच देऊ नका. सहा महिन्यांत तो खराट्यांचं गोदाम होतो.

आणि घाई नको. धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचरा टाकायची जागा होती. आधी झाडं लावून वाढवली, लोकांसाठी खुलं केलं ते १९९४ मध्ये. आज ३७ एकरांवर रान आहे. बागेला वय लागतं, आणि ते कंत्राटात लिहिता येत नाही.

सोनमोहर | पुढचा मंगळवार, रात्री १०:२०

मोजणी झाली. सात दिवस, वहीत चार उभ्या रेघा आणि एक आडवी.

सकाळी सहा ते आठ: पानं भरली. चालणारे बहुतेक साठीपुढचे, सगळे घड्याळाच्या उलट दिशेनं का चालतात देव जाणे. मैदानात एकही पोर नाही! म्हणजे सासरे आणि लेक यांचं भांडण मुळात फक्त संध्याकाळच्या तासाभराचं निघालं.

दुपारी गेट बंद. पण गेटबाहेर सावलीत सावलीत बसलेले रोज आठ-दहा जण. मी त्यांनाही मोजलं. सासरे म्हणाले, हे आपल्या बागेचेच गिऱ्हाईक, फक्त दुकान बंद आहे.

साडेपाच ते सात: झुंबड. सातनंतर मागच्या कोपऱ्यात दिवा नाही, तिथे आठवडाभरात एकही बाई नाही. चक्क शून्य. पुढच्या दिव्याखाली मात्र बाकावर जागा नसते.

तिरकी वाट निघालीच, हिरवळकर! बसस्टॉपकडे नाही, मेडिकलकडे.

काल जागेवर भेट झाली. इंजिनियर तरुण मुलगी होती, वही बघून तिनं स्वतःहून फोटो काढले. कारंजं गेलं (फार वाद झाला नाही, तिलाही नकोच होतं म्हणे). भिंतीऐवजी अडीच फुटी कट्टा आणि वर विरळ जाळी, हे 'वर विचारते' म्हणाली. ट्रॅक मैदानाच्या कडेनं न नेता बागेतल्या झाडांखालून मुरमाचा करायचं ठरतंय, म्हणजे खेळपट्टी वाचते. मागच्या कोपऱ्याला दिवा मिळाला, खाली तोंड करून, वटवाघळांचं उंबराचं झाड सोडून. अक्षरं मात्र येणारच आहेत. त्यावर कुणाचंच काही चाललं नाही. निदान ती कोपऱ्यात ढकलली.

दुपारच्या कुलपाचं उत्तर नाही मिळालं. रखवालदार एकच, त्याची जेवणाची वेळ तीच. सध्या तोंडी एवढंच कबूल झालंय की महिनाभर करून बघू, आमच्या सोसायटीचा वॉचमन दुपारी गेटवर नजर ठेवील. लेखी मागितलंय.

दुपारपाळी | मंगळवार, रात्री ११:०२

ताई, महिनाभर तरी बसतो मग. डबा खाल्लेली जागा आम्हीच झाडू, वॉचमनला सांगा.

विटीदांडू | बुधवार, सकाळी ७:५०

अक्षरांवर पोरं चढणारच. त्याखाली वाळू टाकायला सांगा, आपोआप घसरगुंडी.

सोनमोहर | बुधवार, सकाळी ८:१०

विटीदांडू, हे खरंच लिहून देते!

शनिवारी साडेसातला सगळे मिळून मुरमाच्या वाटेची रेघ जागेवर मारणार आहोत, म्हणजे कुठल्या मुळावरून जाते ते दिसेल. दोरी आहे. फक्की कुठे मिळेल सुट्टी? हार्डवेअरवाला पूर्ण गोणीच घ्या म्हणतो.

कट्टेकरी | बुधवार, सकाळी ८:३१

जवळच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना विचारा. त्यांच्याकडे अर्धी गोणी नेहमी पडलेली असते. फक्त आदल्या रात्री मारू नका, दवानं पुसली जाते.